सुगंधाआत्याची रिकामी कळशी

कोणाच्याही घरी गेली की सुगंधाआत्या उंबऱ्यातच पाणी मागायची. तहान असो वा नसो. चहा नको, सरबत नको, बसणं-बोलणं नंतर, आधी पाणी. मग पेला हातात घेऊन, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत, तो एका दमात रिकामा करायची आणि देणाऱ्याच्याच हातात परत द्यायची. खिडकीत ठेवायची नाही, जमिनीवर तर मुळीच नाही. लहानपणी मला वाटायचं, नर्सच्या नोकरीत उन्हातान्हातून फिरून हिचा घसा सुकत असेल. पुढे कळलं की तो तिचा तपास असायचा. ताप बघायला थर्मामीटर आणि माणूस बघायला पेला, एवढ्या दोन हत्यारांवर तिने गोळप-पावस भागातल्या वाड्यांमधून जन्मभर पायपीट केली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, तशी ती माहेरी परतली, नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि आमच्याच भागातल्या उपकेंद्रात लागली. आमची बौद्धवाडी खाली वहाळाच्या काठी आणि गाव वर, सड्याच्या कातळमाळाला लागून. अंगाने ती काटकुळी, आवाज मात्र असा की वहाळापलीकडच्या म्हशीही मान वर करून बघत. तिला सगळे तापट म्हणत. मला या शब्दाचाच राग आहे. ज्यांनी तिला ताप दिला त्यांना कोणी काही म्हटलं नाही, आणि तापट कोण, तर आत्या! कोणी तिला रागावू नका म्हटलं की ती शांतपणे सांगायची, "मी कुठे रागावलेय? मला दिसतंय, एवढंच."

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही, आम्हाला आईकडून कळली. वरच्या गावातल्या एका घरी तिने पाणी मागितलं, तेव्हा त्या घरच्या म्हातारीने तिला पडवीखाली उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतलं. आत्या ते प्यायली आणि निघून आली. त्याच घरची सून पुढे पावसाळ्यात अडली. वहाळाला पाणी, गाडी येईना, म्हणून तिचा नवरा भिजत आमच्या दारात आला. आत्या लगेच गेली. पोर उलटं होतं, रडतही नव्हतं. तिने त्याला चोळून, थोपटून रडवलं, पुसून गुंडाळलं. मग पोर हातात घेऊन ती माजघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, आता पाणी द्या, पेल्यातून. म्हातारीने पेला आणला. एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात पेला धरून आत्या पाणी प्यायली. मग आधी पेला परत दिला आणि नंतर पोर दिलं. ते पोर म्हणजे आमचा आजचा सरपंच दत्ता.

आमच्या तालुक्यातून दरवर्षी मार्चमध्ये महाडला पायी जातात. ज्या तळ्याचं पाणी गुराढोरांना चालायचं आणि आमच्या माणसांना चालायचं नाही, त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिऊन यायचं. रत्नागिरीतून निघून महामार्गाच्या कडेकडेने, तापलेल्या डांबरावरून, ट्रकांचे हॉर्न ऐकत चालत राहायचं. निघण्याची जागा मांडवीचा किनारा. तिथे एक रिवाज आहे, आणि तो रुजवणाऱ्यांत आत्या होती. प्रत्येक गावाने आपल्या गावविहिरीचं पाणी कळशीतून आणायचं. वाडीच्या विहिरीचं नाही, घरच्या नळाचं नाही. जी विहीर एके काळी आपल्याला बंद होती, तिचंच. सगळ्या कळश्या एका मोठ्या तांब्याच्या हंड्यात ओतायच्या, त्यातलं ओंजळभर पिऊन मग पहिलं पाऊल टाकायचं. आत्या म्हणायची, "आपल्या गावची विहीर सोडून म्हाडाला जायचं तर मग काय फोटो काढायला जायचं?"

आमची गावविहीर जांभ्या दगडात बांधलेली, खोल, मे महिन्यातही न आटणारी. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, तिच्यापासून लांब एका दगडापाशी कळशी घेऊन उभी राहायची. वरच्या आळीतली एखादी बाई आली, तिला वेळ असला, मनात आलं, तर ती वरून पाणी ओतायची. नाही आलं तर आजी तशीच घरी. आत्याचं सगळं लहानपण त्या दगडापाशी गेलं. नोकरी लागल्यावर एक दिवस ती स्वतःचा दोर आणि कळशी घेऊन गेली आणि तिने त्या विहिरीचं पाणी काढलं. कुरकुर झाली, दोन-चार जणांनी आवाज चढवला. पण आवाज चढवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी पोरं व्हायची होती, त्यामुळे प्रकरण तिथेच थांबलं. तेव्हापासून आमच्या गावची कळशी दरवर्षी आत्याच भरायची आणि मांडवीपर्यंत चालत न्यायची. बाकीची माणसं एसटीने, टेम्पोने निघण्याच्या जागी पोचत. आत्याला ते पटायचं नाही. महाडला चालत जायचं तर मांडवीला बसून कशाला जायचं, असा तिचा साधा हिशेब होता.

पुढे मी रत्नागिरीत एका कार्यालयात नोकरीला लागले. त्या वर्षी फेब्रुवारीत घरी गेले तर वाडीत एकच विषय. गावविहिरीच्या आजूबाजूची सगळी कलमांची बाग मुंबईच्या एका शेठने घेतली होती आणि चिऱ्याचं उंच कुंपण घालून विहीर आत घेतली होती. रहाट काढून तिथे पंप बसवला होता. पुढे लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, आत राखणदार. आंब्याचे दिवस, चोऱ्या होतात, म्हणून कोणालाही आत सोडायचं नाही असा शेठचा हुकूम. सातबाऱ्यावर विहीर त्याच्याच जमिनीत दिसते म्हणे. गावाची विहीर गावाच्या डोळ्यांदेखत एका माणसाच्या खिशात गेली आणि गाव नळाखाली बादल्या लावून बसलं होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी आत्या कळशी घेऊन फाटकाशी गेली. मीही सोबत होते. राखणदार बिचारा नेपाळी, त्याने हात जोडून नाही म्हटलं. आत्याने त्याच्याकडेही पाणी मागितलं. त्याने आपल्या बाटलीतलं दिलं, ते तिने घेतलं आणि बाटली त्याच्या हातात परत दिली. मग तिथेच फाटकासमोर बसली. दुपारी दत्ता मोटरसायकलवरून आला. त्याने गोड बोलून समजूत घालायला सुरुवात केली. नळाचं पाणी भरा, आत्या, पाणी शेवटी पाणीच. आणि आता त्या विहिरीवर आम्हालाही जाता येत नाही, वरच्या आळीलाही नाही. सगळ्यांना सारखंच आहे, मग राग कसला?

हे ऐकून माझं डोकं फिरलं. सारखंच! एवढ्या पिढ्या सारखं नव्हतं तेव्हा कोणाला सारखेपणा आठवला नाही, आणि आता कुलूप लागल्यावर आठवला. मी तोंड उघडणार तोच आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दत्ता," ती म्हणाली, "तुमच्या हातून विहीर सुटली ती तुम्ही सोडलीत म्हणून. आम्ही कधी सोडली रे?"

दत्ताने गाडीला किक मारली. दिवस मावळेपर्यंत आत्या बसून राहिली, मग रिकामी कळशी काखेला मारून घरी आली. वाडीतल्या बायका म्हणाल्या, नळावर भरून टाक गो, मांडवीला कोणाला काय दिसणार आहे. आत्या म्हणाली, मला दिसेल की.

पहाटे आम्ही दोघी निघालो. तिच्या काखेत रिकामी कळशी, माझ्या खांद्यावर तिची कापडी पिशवी. पिशवी भलतीच जड होती. आत काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, लागेल ते. गोळप मागे टाकून उतार उतरलो, सुरूच्या बनाशी पोचलो तेव्हा उजाडत होतं. भाट्याच्या पुलावर वारा सुटला होता आणि तिच्या कळशीत शिरून घूं घूं वाजत होता. दरवर्षी ती भरलेली कळशी हिंदकळू नये म्हणून सावकाश चालायची. त्या दिवशी मला तिच्या मागे जवळजवळ पळावं लागलं.

मांडवीला पोचलो तर मोठा मांडव. पूर्वी आमची माणसं वाळूत गोल करून उभी राहायची, आता स्टेज आलं होतं. निळे झेंडे, भोंगे, गाद्यांचा टेम्पो, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. पदयात्रेचे अध्यक्ष दिलीपभाऊ माइक धरून होते. मुंबईची नोकरी संपवून गावी आलेला हा माणूस, मनाने वाईट नाही, पण आपण बोलायचं थांबलो की कार्यक्रम थांबेल अशी त्याची समजूत होती. हंडा स्टेजवर मधोमध ठेवलेला. एकेका गावाचं नाव पुकारलं जाई, कळशी वर येई, टाळ्या पडत. आमच्या गावाचं नाव आलं. आत्या स्टेजवर चढली, तिने सगळ्यांना जयभीम केला आणि कळशी हंड्यावर उलटी धरली.

टाळ्या सुरू झाल्या होत्या त्या मध्येच विरल्या. कळशीतून काही पडेना. तिने ती तशीच उलटी धरून ठेवली, पुढच्या रांगेतल्या माणसाला नीट दिसावी अशी.

दिलीपभाऊंनी माइकवर हात ठेवून विचारलं, हे काय आत्या? तिने सांगितलं. विहीर, फाटक, कुलूप, शेठचं नाव, सगळं दोन वाक्यांत. माइकवर हात होता तरी मागच्यांना ऐकू गेलं. शेठचं नाव ऐकल्यावर दिलीपभाऊंचा चेहरा उतरला आणि लगेच खुलला. त्यांनी हात करून स्टेजच्या बाजूला दाखवलं. तिथे नवाकोरा पाण्याचा टँकर उभा होता. त्यावर मोठं कापड: पदयात्रींसाठी पिण्याचे पाणी, सौजन्य अमुक अमुक, आणि हात जोडलेला शेठचा हसरा फोटो.

"अहो आत्या, हा टँकर त्यांनीच दिलाय. आणि भरलाय त्याच विहिरीवर. तुम्हाला तिचंच पाणी हवं ना? घ्या की, नळ सोडतो. भरा कळशी."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. प्रश्न मिटला होता ना! मला त्या हसण्याचा आजही संताप येतो. विहिरीला कुलूप घालणाऱ्या माणसाने तिचंच पाणी उपसून आम्हाला दान केलं होतं, आणि आमच्याच माणसांनी त्याचा फोटो लावून आभार मानले होते. महाडला निघालेल्या माणसांनी! शेठला दोष देऊन मोकळं होता येईल, पण ते कापड बांधायला आमचीच पोरं टँकरवर चढली होती.

आत्याने कळशी सरळ केली. तिचा आवाज मोठा झाला नाही, उलट मी तो इतका लहान कधीच ऐकला नव्हता.

"पाणी तेच हाय, दिलीप. पण दिलेलं हाय. दिलेलं पाणी माजी आय जन्मभर प्यायली. वरून ओतलेलं."

मग ती स्टेजवरून उतरली, पदर खोचला आणि आल्या वाटेने चालू लागली. दिलीपभाऊ माइकमधून म्हणाले, आत्या, महाड तिकडे नाही. आत्या मागे न वळता म्हणाली, माजं म्हाड आधी इकडे हाय.

मी पिशवी उचलून तिच्यामागे धावले. मग आमच्या वाडीतल्या बायका निघाल्या. त्यांच्यामागे गावखडीकडची काही माणसं, मग ज्यांच्या कळश्या आधीच ओतून झाल्या होत्या तीही. भाट्याच्या पुलावर मी वळून पाहिलं तर टी-शर्ट घातलेली सगळी रांग मागून येत होती आणि सर्वांत शेवटी निळा झेंडा खांद्यावर घेऊन, घामाघूम, दिलीपभाऊ. महाडला जाणारी पदयात्रा दक्षिणेकडे चालली होती. समोरून येणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती की ही मंडळी वाट चुकली की काय.

फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दत्ता आमच्या आधी पोचला होता, वरच्या आळीतली माणसंही जमली होती. राखणदाराने शेठला फोन लावला, शेठ फोनवर दत्तावर ओरडला, दत्ता इकडे तिकडे फिरत हो सर, हो सर करत राहिला. एवढा जमाव पाहून असेल, किंवा आत्या त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती म्हणून असेल, शेवटी त्याने फोन बंद केला आणि राखणदाराला म्हणाला, उघड.

विहिरीवर रहाट नव्हता, पोहरा नव्हता, फक्त पंपाचा काळा पाइप आत सोडलेला. मी मनात म्हटलं, आता झाली पंचाईत. आत्याने माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि तिच्यातून काथ्याचा दोर काढला. तोच, जुना. म्हणजे पहाटे घरातून निघताना तिला ठाऊक होतं की मांडवीहून परत यायचं आहे. तिने कळशीला फास दिला, काठाला पाय टेकवला आणि कळशी सोडली. खाली पाण्याचा आवाज झाला आणि तिने दोर ओढायला सुरुवात केली.

पहिल्या कळशीतलं पाणी ती स्वतः प्यायली. मग दिलीपभाऊ ओंजळ धरून पुढे आले. आत्याने त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं नाही. तिने दोर त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "ज्याचं त्याने काढा."

आणि खरोखर ज्याने त्याने काढलं. दुपार उलटून गेली. शहरातल्या पोरांच्या तळहातांना फोड आले. वरच्या आळीतल्या दोघीतिघी बायका लांब उभ्या होत्या, योगायोगाने त्याच जुन्या दगडापाशी. त्यांनाही आत्याने हाक मारून दोर दिला. दत्ताची पाळी आली तेव्हा त्याची कळशी अर्ध्यावरून परत खाली गेली आणि सगळे हसले, तोही हसला. त्या दिवशी पदयात्रेचा पहिला मुक्काम आमच्याच वाडीत पडला, आणि दिलीपभाऊंचं सगळं वेळापत्रक कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सगळे महाडच्या वाटेला लागले, मी घरी राहिले. त्याच दुपारी फाटकाला पहिल्याहून मोठं कुलूप लागलं. हातखंब्याच्या पुढे आत्याचे गुडघे सुजले आणि तिला टेम्पोत घालून परत पाठवलं, तेव्हा कुलपाची बातमी मीच तिला दिली. मला वाटलं, ती खचेल. ती म्हणाली, लागणारच होतं, आपण काय विहीर विकत घेतली होती? पुढच्या वर्षी परत जायचं. मला हे तिचं गार बोलणं सहन होईना. मी म्हटलं, तुला राग कसा येत नाही? ती म्हणाली, "येतो की गो. रोज येतो. म्हणून तर दोर धुऊन वाळत घातलाय."

पुढचा मार्च तिला मिळाला नाही. दिवाळीच्या सुमारास छातीत कफ झाला म्हणून तिला रत्नागिरीला आणलं. वॉर्डातली तरुण नर्स तिला चमच्याने पाणी पाजायला आली तर हिने मान फिरवली. मग स्वतः पेला घेतला, निम्मं पाणी अंगावर सांडलं, पण पेला नर्सच्या हातातच परत दिला. दोन दिवसांनी गेली.

आमच्यात माणूस गेल्यावर त्याच्या नावाने पाणी ओतून जलदान विधी करतात. आत्याच्या विधीला पंचक्रोशी लोटली. तिने ज्यांना पहिल्यांदा हातात घेतलं होतं अशी बाप्या माणसं रडत होती. सकाळी मी अंगणात उभी होते तर वाडीच्या उतारावरून टँकर खाली आला. तोच टँकर, तेच कापड, तोच हात जोडलेला हसरा फोटो. फक्त वर "भावपूर्ण श्रद्धांजली" असं जोडलेलं. मी ड्रायव्हरला काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही, आणि त्याची काही चूकही नव्हती.

दिलीपभाऊ मागून आले. त्यांनी टँकरला हात केला आणि परत फिरायला सांगितलं. मग स्वतः वर चढून ते कापड सोडलं, घडी केली आणि ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवलं. खाली उतरून माझ्याकडे आले. हा माणूस इतकं हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"दोर कुठाय गो?"

दोर पडवीत खुंटीला होता, आत्याने टांगला तसाच. मी तो काढला, कळशी घेतली आणि आम्ही सगळे सड्याच्या वाटेला लागलो. फाटकाला ते मोठं कुलूप होतं. ते बघून मला असा राग आला की ती गेल्यापासून पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं. राखणदाराने विचारलं, शेठला कोण आलंय म्हणून सांगू? दिलीपभाऊ म्हणाले, "सांग, नर्सबाई पाण्याला आल्यात."

शेठचं उत्तर आलं, टँकर पाठवलाय ना. आम्ही कळशी खाली ठेवली आणि फाटकासमोर बसलो. थोड्या वेळाने दत्ता आला आणि तोही येऊन बसला, या वेळी आमच्या बाजूला. दुपार उलटल्यावर फाटक उघडलं. आत्याचा विधी सकाळी व्हायचा तो दिवस कलल्यावर झाला. जमलेली माणसं तोवर उपाशी थांबली, कोणी तक्रार केली नाही. पाणी आम्ही काढलेलं होतं.